हुकूमशहा कुणाला म्हणायचं?

मराठीत जुलमी सत्तेला नावांची वानवा नाही. हुकूमशाही, दडपशाही, दंडेलशाही, झोटिंगशाही, नादिरशाही, मोगलाई, सुलतानी. गेल्या शतकात यात ‘हिटलरशाही’ची भर पडली. एवढी मोठी यादी ज्या भाषेत जमते त्या भाषेच्या लोकांनी बरंच सोसलं असणार हे उघड आहे. पण हे शब्द एका ओळीत ठेवून पाहिले की एक गोष्ट खटकते. जवळजवळ सगळे शब्द सत्तेच्या वागण्याचं वर्णन करतात. दंडेलशाहीत दांडगाई आहे, झोटिंगशाहीत मानगुटीवर बसलेलं भूत आहे, नादिरशाहीत १७३९ सालची दिल्लीतली कत्तल आहे. सत्ता किती ओरडते, किती मारते, किती लुबाडते हे आपल्याला नेमकं सांगता येतं. तिला थांबवणारं कुणी आहे का आणि तिला घालवायची सोय आहे का, याबद्दल मात्र हे शब्द काहीच बोलत नाहीत.

म्हणून आपण हुकूमशहा ओळखतो तो स्वभावावरून. कडक मुख्याध्यापक हुकूमशहा, बैठकीत कुणाला बोलू न देणारा साहेब हुकूमशहा, कर्णधार हुकूमशहा, दिग्दर्शक हुकूमशहा, घरातले वडील तर हिटलरच. आणि जो राज्यकर्ता गोड बोलतो, लहान मुलांच्या गालाला हात लावतो, कवितेच्या ओळी म्हणतो, त्याला हा शब्द लावताना जीभ अडखळते. ‘तो तसा वाटत नाही’ असं आपण म्हणतो. माझं म्हणणं असं की हुकूमशहा ‘वाटण्याचा’ प्रश्नच गैरलागू आहे. विचारायचं ते दोनच गोष्टींबद्दल. त्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या नोकरीवर, आपल्या घरात, जिवंत असतो का? आणि तो नकोसा झाला तर त्याला रक्त न सांडता घरी पाठवता येतं का? यातला दुसरा प्रश्न माझा नव्हे. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९४५ साली राज्यव्यवस्थांची विभागणी याच प्रश्नावर केली होती. पहिला प्रश्न मला त्याहून जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण दुसऱ्याचं उत्तर पुष्कळदा त्यावरच ठरतं.

ग्रीकांपासून सुरुवात करावी लागते, कारण युरोपात जुलमी राजासाठी जो शब्द रूढ झाला तो त्यांचा, ‘तुरान्नोस’. आरंभी तो शिवी नव्हता. वंशपरंपरेनं किंवा रिवाजानं नव्हे, तर स्वतःच्या बळावर सत्ता बळकावणारा तो तुरान्नोस. मग तो चांगला असो की वाईट. अथेन्सच्या पिसिस्ट्राटसची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. त्यानं स्वतःला जखमा करून घेतल्या, शत्रूंनी हल्ला केला असं सांगत भर चौकात आला आणि नगराकडून सोटेधारी अंगरक्षक मंजूर करून घेतले. त्याच अंगरक्षकांना घेऊन त्यानं अक्रोपोलिसचा, म्हणजे नगराच्या टेकडीवरच्या गडाचा, ताबा घेतला. दोनदा हाकलला गेला, तिसऱ्यांदा, इसवी सनापूर्वी ५४६ च्या सुमारास, भाडोत्री सैन्य घेऊन परतला आणि मरेपर्यंत टिकला. पण राज्य कसं केलं? आधीच्या सोलोन या कायदेकर्त्याचे कायदे त्यानं मोडीत काढले नाहीत. गरीब शेतकऱ्यांना कर्जं दिली. अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेतला अथेन्सच्या राज्यघटनेवरचा जो ग्रंथ आहे त्यात तर पिसिस्ट्राटसचा कारभार जुलमी राजापेक्षा नागरिकाला शोभेल असा होता, असं प्रशस्तिपत्र आहे.

त्याच ग्रंथात एक छोटा प्रसंग येतो. पिसिस्ट्राटसवर खुनाचा आरोप झाला. अरिओपागस या न्यायसभेनं त्याला बोलावलं. सत्ताधीश असूनही तो कायद्याला मान देऊन स्वतः हजर राहिला. आणि फिर्यादी? तो घाबरून निघून गेला.

मला या प्रसंगाचं फार नवल वाटतं. न्यायसभा जागेवर, कायदा जागेवर, आरोपी नम्रपणे हजर. कागदावर सगळं यथासांग आहे. फक्त आरोप करणारा माणूस जागेवर नाही. पिसिस्ट्राटसनं त्याला धमकी दिली होती असंही ग्रंथ म्हणत नाही. त्याची गरजच नव्हती. नगरातली शस्त्रं लोकांकडून काढून घेतलेली होती आणि सोटेधारी सर्वांनी पाहिलेले होते. हुकूमशाहीची व्याख्या एका प्रसंगात सांगायची तर मी छळछावण्या सांगणार नाही, हा रिकामा राहिलेला फिर्यादीचा कोपरा सांगेन. छळछावण्या पुढं येतात. कधीकधी येतही नाहीत.

अ‍ॅरिस्टॉटलनं ‘राजनीती’त सत्ता टिकवण्याचे दोन मार्ग सांगितले आहेत. एक माहीत असलेला: डोकी वर काढणाऱ्यांना छाटा, माणसांना एकत्र जमू देऊ नका, हेर पेरा, लोकांना कामात आणि दारिद्र्यात गुंतवून ठेवा. दुसरा मार्ग त्याहून चतुर. सार्वजनिक पैशाचा हिशेब ठेवत असल्याचं दाखवा, कठोर न दिसता आब राखून असल्यासारखे दिसा, देवधर्माची आस्था दाखवा, राजासारखे वागा. म्हणजे गोड बोलणारा हुकूमशहा हा काही प्रसारमाध्यमांच्या युगाचा शोध नव्हे. तेवीसशे वर्षांपूर्वी त्याची कृती लिहून ठेवलेली आहे.

रोमनांकडून दुसरा शब्द आला, ‘डिक्टेटर’. आपण ‘हुकूमशहा’ हा त्याचाच प्रतिशब्द म्हणून वापरतो, पण रोमच्या प्रजासत्ताकात ते रीतसर पद होतं. संकट आलं की सिनेटच्या सल्ल्यानं कॉन्सलनं, म्हणजे राज्याच्या मुख्य अधिकाऱ्यानं, नेमायचं, मुदत फार तर सहा महिने. सिन्सिनाटस शेत नांगरत असताना त्याला हे पद दिलं गेलं, शत्रूचा पराभव करून सोळाव्या दिवशी त्यानं ते सोडलं, अशी रोमन इतिहासकार लिव्हीनं सांगितलेली कथा आहे. त्यात किती इतिहास आणि किती आदर्श हा भाग वेगळा. पदाचा सगळा जीव मुदतीत होता हे मात्र खरं. इसवी सनापूर्वी ८२ मध्ये सुल्ला या सेनापतीनं मुदत काढून टाकली आणि वधाच्या याद्या चौकात लावल्या. ४४ मध्ये सीझर आजीव डिक्टेटर झाला आणि काही आठवड्यांत मारला गेला. त्यानंतर रोमनं हे पदच रद्द केलं. पण गंमत पुढं आहे. ऑगस्टसला लोकांनी डिक्टेटरपद देऊ केलं तेव्हा त्यानं ते नाकारलं. बदनाम झालेलं नाव त्यानं घेतलं नाही, अधिकार मात्र एकेक करून सगळे घेतले आणि स्वतःला फक्त ‘प्रथम नागरिक’ म्हणवलं. सिनेट भरत राहिली, निवडणुका होत राहिल्या. नावाला भिणाऱ्या लोकांना नाव न लावता तीच वस्तू देता येते.

चौदाव्या शतकात इटलीतल्या नगरराज्यांत असले पुष्कळ लोक होते. तिथल्या बार्तोलुस या कायदेपंडितानं मग जुलमी सत्ताधीशांची वर्गवारीच केली: ज्याला सत्तेचा हक्कच नाही तो एक, हक्क असून जो जुलूम करतो तो दुसरा; उघड जुलमी आणि बुरख्याआडचा जुलमी. ही वर्गवारी मला आजही आपल्या चर्चांपेक्षा पुढारलेली वाटते. ‘तो तर निवडून आलाय, मग हुकूमशहा कसा?’ या वाक्याचं उत्तर बार्तोलुसकडे होतं. हक्कानं आलेला माणूसही पुढं जुलमी होऊ शकतो. येण्याचा दाखला हा राहण्याचा दाखला नव्हे.

शब्दाला काळिमा नव्हता तेव्हा आपणही तो बिनधास्त वापरला आहे. १९३० नंतरच्या कायदेभंगात नेते एकामागून एक तुरुंगात जायचे, तेव्हा चळवळ चालू ठेवण्यासाठी काँग्रेसनं ठिकठिकाणी ‘डिक्टेटर’ नेमले. एक पकडला की दुसरा. तो बिचारा हुकूम सोडायचा तो स्वतःच्या अटकेची वाट पाहत. अधिकार एका हातात एकवटणं एवढ्यानं हुकूमशाही होत नाही याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. त्या डिक्टेटरला नको म्हणणाऱ्याचं काहीही बिघडत नव्हतं.

आता तो जुना युक्तिवाद: सत्ताधीश भला असेल तर काय बिघडलं? सुशिक्षित घरांतून हे वाक्य नेमानं ऐकू येतं, ‘काही वर्षं हुकूमशाहीच हवी.’ बोलणाऱ्याच्या मनात नेहमी असा हुकूमशहा असतो जो त्याच्या मनातलेच हुकूम सोडेल. पिसिस्ट्राटस भला होता असं धरून चाला. त्याच्यानंतर सत्ता मुलांकडे गेली. इसवी सनापूर्वी ५१४ मध्ये एका मुलाचा खून झाला, त्यामागं राजकारणापेक्षा वैयक्तिक अपमान होता. दुसरा मुलगा हिप्पियास त्यानंतर संशयी आणि क्रूर झाला. अथेन्सकरांच्या हातात त्याला आवरण्याचं काहीही साधन नव्हतं, कारण बापाच्या भलेपणाच्या काळातच ते त्यांनी सोडून दिलं होतं. शेवटी ५१० मध्ये स्पार्टाचं सैन्य आलं तेव्हा तो गेला.

पण मी भल्या हुकूमशहाच्या विरोधात वारसाचा मुद्दा मुख्य मानत नाही. मुख्य मुद्दा आहे तो माहितीचा. ज्याला कुणी ‘नाही’ म्हणत नाही त्याला कुणी खरंही सांगत नाही. चीनमध्ये १९५८ साली ‘मोठी झेप’ सुरू झाली. धान्याचं उत्पादन किती वाढलं याचे आकडे खालून वर जाताना फुगत गेले, कारण कमी आकडा सांगणारा संशयित ठरत होता. फुगवलेल्या आकड्यांवर सरकारनं धान्य उचललं. १९५९ च्या लुशान बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी माओला पत्र लिहून शंका मांडल्या. हा माणूस क्रांतियुद्धातला सेनानी, कोरियात चिनी फौजांचा सरसेनापती. त्याला पदावरून हटवलं गेलं आणि ‘उजव्या विचारांच्या’ लोकांविरुद्ध नवी मोहीम निघाली. सेनापतीची ही गत पाहिल्यावर तालुक्याच्या अधिकाऱ्यानं कोणता आकडा कळवला असता? दुष्काळात काही कोटी माणसं मेली. नेमका आकडा किती यावर अभ्यासकांत वाद आहे, आणि तो वाद असणं हाही त्याच व्यवस्थेचा परिणाम आहे. इथं माओ स्वभावानं क्रूर होता की नव्हता, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दुष्काळ पडावा अशी त्याची इच्छा होती असं मानायची गरज नाही.

अमर्त्य सेन यांनी याच अनुभवावरून मांडलं की निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रं असलेल्या चालत्या लोकशाहीत मोठा दुष्काळबळींचा प्रसंग ओढवलेला नाही. आपली भाषा आस्मानी आणि सुलतानी अशी दोन संकटं शेजारी शेजारी ठेवते, एक आभाळातून येणारं आणि एक राजाकडून. सेन वाचल्यावर ही जोडी अशी सुटी ठेवता येत नाही. पाऊस पडला नाही ही आस्मानी. पाऊस पडला नाही हे राजधानीत कुणी सांगू शकलं नाही ही सुलतानी, आणि माणसं बहुतेक दुसरीनं मरतात.

सुलतानी, मोगलाई, नादिरशाही. या शब्दांत आणखी एक अडचण आहे आणि ती अवघड जागची आहे. यातले राज्यकर्ते ‘ते’ आहेत. निजामाच्या मुलखालाही मराठी माणूस मोगलाईच म्हणत असे, आणि ‘ही काय मोगलाई लागून गेलीय?’ हा प्रश्न अजून बोलण्यात येतो. त्या राजवटींत जुलूम झाला हे खरंच आहे, शब्द हवेतून आलेले नाहीत. पण शब्दाला परक्याचा चेहरा मिळाला की आपल्यातल्या जुलमी माणसासाठी वेगळे शब्द शोधले जातात. परका असतो तो क्रूर, आपला असतो तो कणखर. परका दडपतो, आपला शिस्त लावतो. एकाच कृत्याला दोन नावं. एखाद्या निर्णयाबद्दल मत बनवताना मी हल्ली एक साधा उपाय करतो. निर्णय घेणाऱ्याचं नाव बदलून मला सर्वांत न आवडणाऱ्या माणसाचं नाव तिथं घालतो आणि बातमी पुन्हा वाचतो.

हा रोग आपल्यापुरता नाही. माँतेस्क्यू या फ्रेंच विचारवंतानं १७४८ मध्ये राज्यांचे प्रकार सांगताना निरंकुश सत्तेचा वेगळा प्रकार केला, तिचं मूळ तत्त्व भय असं म्हटलं, आणि तिचं माहेर आशिया ठरवलं. तिथं राजाच्या मर्जीशिवाय कायदा नाही, कुणाची खासगी मालमत्ता नाही, असं चित्र रूढ झालं. आंक्तिल द्यूपेराँ हा फ्रेंच विद्वान हिंदुस्थानात काही वर्षं राहिलेला होता, सुरतेला पारशी पुरोहितांकडे शिकलेला. त्यानं १७७८ मध्ये उलट पुरावे मांडले: इथं करार होतात, जमिनीची खरेदी-विक्री होते, राजावरही रिवाजाचं बंधन आहे. लोकांना मालमत्ताच नसते असं म्हटलं की ती हिरावणं सोपं जातं, हे त्यानं ओळखलं होतं. आणि झालंही तसंच. बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर इंग्लंडमध्ये खटला चालला तेव्हा त्याच्या बाजूनं असा बचाव पुढं आला की आशियात राज्य करायचं तर आशियाई पद्धतीची मनमानी सत्ता ओघानंच येते. खटला चालवणाऱ्या एडमंड बर्कनं १७८८ मध्ये त्यावर ‘भौगोलिक नीतिमत्ता’ असा टोला हाणला. विशिष्ट रेषा ओलांडली की सद्गुण मरतात की काय, असा त्याचा सवाल होता. सात वर्षांनी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. थोडक्यात, जुलमी राजांपासून सोडवायला आलेल्यांनी त्याच जुलमी राजांचा दाखला देऊन जुलूम केला.

शब्द किती घातक होऊ शकतो याचं टोक म्हणजे १८६५ चा एप्रिल. अब्राहम लिंकनला गोळी घालणाऱ्या जॉन विल्क्स बूथनं रंगमंचावरून लॅटिन घोषणा दिली: जुलमी राजांची हीच गत व्हावी. बूथ गुलामगिरीचा कैवारी. माणसांना विकत घेण्याचा आपला हक्क हिरावला गेला याला तो आणि त्याच्यासारखे लाखो लोक जुलूम म्हणत होते. लिंकनला ही कोंडी दिसत होती. वर्षभरापूर्वीच्या भाषणात त्यानं म्हटलं होतं की स्वातंत्र्याच्या नावाचा जप सगळेच करतात, पण काहींच्या लेखी त्याचा अर्थ दुसऱ्यांच्या श्रमाचं हवं ते करण्याची मुभा असा आहे. मेंढपाळानं लांडग्याला हुसकावलं तर मेंढी त्याचे आभार मानते आणि लांडगा त्याला स्वातंत्र्याचा शत्रू ठरवतो.

पण लिंकनवरचा आरोप अगदीच पोकळ होता का? नव्हता. यादवी युद्धात त्यानं बंदीप्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा, हक्क स्थगित केला, लोकांना खटल्याविना डांबलं, आणि सरन्यायाधीशांनी हे घटनाबाह्य ठरवलं तेव्हा त्यांचा निकाल बाजूला ठेवला. ही कृत्यं मनमानीची होती, असं त्याच्या चाहत्यांनीही म्हणायला हवं. तरीही युद्ध ऐन भरात असताना त्यानं १८६४ ची निवडणूक होऊ दिली. त्या ऑगस्टमध्ये त्यानं एक चिठ्ठी लिहिली, मंत्र्यांच्या सह्या ती न दाखवताच तिच्या पाठीवर घेतल्या. आत लिहिलं होतं की हे सरकार बहुधा पुन्हा निवडून येणार नाही, तेव्हा नव्या अध्यक्षाला सहकार्य करणं आपलं कर्तव्य राहील. हातात तेव्हाचं जगातलं एक मोठं सैन्य असलेला माणूस आपल्या पराभवाची व्यवस्था लावून ठेवत होता. कृत्य हुकूमशाहीचं आणि माणूस हुकूमशहा नव्हे, असं होऊ शकतं. या दोन वाक्यांतलं अंतर राखता आलं नाही म्हणून एक पक्ष सगळं माफ करतो आणि दुसरा पिस्तूल काढतो.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांतही उपाय पिस्तुलाच्याच जातीचा आहे. वेन राजा उन्मत्त झाला तेव्हा ऋषींनी मंतरलेल्या दर्भांनी त्याला ठार केलं. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म सांगतो की रक्षण करीन असं म्हणून जो राजा रक्षण करत नाही त्याला प्रजेनं एकजुटीनं पिसाळलेल्या कुत्र्यासारखं मारावं. हा श्लोक उद्धृत करताना लोकांना स्फुरण चढतं. मला त्यातली हतबलता दिसते. राजाला बदलण्याची दुसरी कुठलीच वाट नसलेल्या समाजाचा तो शेवटचा उपाय आहे.

मग शब्द जपूनच वापरायचा का? हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण त्यात दुसरा धोका आहे. पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबलं तर पुरावा मांडायला जागाच उरत नाही. जर्मनीत ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला तो रीतसर नेमणुकीनं. २८ फेब्रुवारीला मूलभूत हक्क स्थगित झाले, तेही अध्यक्षांच्या सहीनं, घटनेतल्या कलमाखाली. २३ मार्चला संसदेनं आपले अधिकार सरकारला देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर केला. कम्युनिस्ट खासदार तेव्हा तुरुंगात किंवा परागंदा होते आणि सभागृहात गणवेशातले नाझी उभे होते, पण मतदान झालं. १४ जुलैला इतर पक्षांवर बंदी आली. जानेवारीत हुकूमशहा म्हणणारा अतिरेकी ठरला असता, आणि जुलैत म्हणणाऱ्याला आत टाकलं गेलं असतं.

‘तुम्ही त्यांना उघडपणे हुकूमशहा म्हणू शकता, म्हणजेच ते हुकूमशहा नाहीत’ हा हमखास टाळीचा प्रतिवाद म्हणूनच मला अपुरा वाटतो. तो कोण बोलतंय हे बघत नाही. राजधानीतला प्रसिद्ध लेखक बोलू शकतो, कारण त्याला पकडलं तर बातमी होते. प्रश्न आहे तो लहान गावातल्या वार्ताहराचा, बदलीच्या भीतीत असलेल्या कारकुनाचा, जामीन परवडत नसलेल्या विद्यार्थ्याचा. शिवाय बोलता येणं वेगळं आणि बोलून घरी राहता येणं वेगळं. १९७५ च्या अखेरीस कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या. त्यांना बोलता आलं. नंतर त्या तुरुंगातही गेल्या.

आणीबाणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. २५ जून १९७५ च्या रात्रीपासून २१ मार्च १९७७ पर्यंत या देशात हुकूमशाही होती. लाखाहून अधिक माणसं आत होती, हे त्याचं एक कारण. मोठं कारण एप्रिल १९७६ च्या निकालात आहे. सर्वोच्च न्यायालयात न्या. एच. आर. खन्ना यांनी सरकारच्या महान्यायवादींना विचारलं की उद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर दाद मागता येईल का? उत्तर मिळालं, आणीबाणी आहे तोवर नाही. आणि चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूनं कौल दिला. एकटे खन्ना विरोधात राहिले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. इथं न्यायालय उघडं होतं, वकील उभे होते, आणि फिर्याद दाखल करून घेणारं कुणी नव्हतं. इंदिरा गांधींनी पुढं निवडणूक घेतली, हरल्या, पायउतार झाल्या. त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण त्या श्रेयानं आधीचे एकवीस महिने पुसले जात नाहीत, आणि त्या एकवीस महिन्यांनी ते श्रेयही पुसलं जात नाही. ‘त्या हुकूमशहा होत्या की नव्हत्या’ हा वाद घालणारे लोक मला एका नामासाठी भांडताना दिसतात. मला विशेषण पुरतं, पण ते तारखेसह हवं.

हाच माझा आग्रह आहे: शब्द आधी कृत्याला लावा, लवकर लावा, आणि कारण दाखवून लावा. माणसाला लावायची घाई नको. अमेरिकन वसाहतींनी १७७६ च्या जाहीरनाम्यात इंग्लंडच्या राजाला जुलमी म्हटलं, पण ते यादीच्या शेवटी. त्याआधी दोन डझनांहून अधिक तक्रारी एकेक करून मांडल्या: न्यायाधीशांचा पगार आणि पद राजाच्या मर्जीवर ठेवलं, संमतीशिवाय कर बसवले, शांततेच्या काळात सैन्य ठेवलं. त्या यादीतल्या काही तक्रारी अन्यायाच्या आहेत आणि लिहिणाऱ्यांच्या घरी गुलाम होते, हे मान्य. पण वाचणाऱ्याला प्रत्येक तक्रार तपासता येते, खोडता येते. नुसत्या ‘हुकूमशहा’ या एका शब्दाशी वाद घालता येत नाही. त्यावर फक्त टाळ्या पडतात किंवा शिव्या. या लेखात मी आजच्या कुणाचं नाव घेतलेलं नाही ते याचसाठी. नाव आलं की अर्धे वाचक तिथंच वाचणं थांबवून बाजू घेतात.

एकवीस महिन्यांनंतर जे झालं त्यात हे कृत्यांचं बोलणं कसं असतं ते दिसतं. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीत कुणालाही हुकूमशहा म्हटलेलं नाही. ज्याच्या आड काहीही बसवता येत होतं तो ‘अंतर्गत अशांतता’ हा शब्दप्रयोग काढून तिथं ‘सशस्त्र उठाव’ घातला. आणीबाणीची शिफारस राष्ट्रपतींकडे लेखी आणि पूर्ण मंत्रिमंडळाकडून जायला हवी, अशी अट घातली. १९७५ मध्ये मंत्रिमंडळाला ती सकाळी कळली होती. आणि जीविताच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग आणीबाणीतही बंद करता येणार नाही, असं लिहून ठेवलं. १९७६ चा तो निकाल मात्र सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट शब्दांत रद्द ठरवायला २०१७ साल उजाडलं.